दुसऱ्यांदा तोंड उघडायचं

फोन वाजतो, मी उचलते, "हॅलो" म्हणते आणि समोरचा सुरू होतो, "हां भाऊ, ती माझी मोटार झाली का?" दिवसातनं पाच-सहा वेळा तरी हे ठरलेलं. मी म्हणते, "भाऊ न्हाई, बाई बोलतीय. मोटार किती एचपीची?" काही जण "सॉरी हां ताई" म्हणतात. काही जण फिसकन हसतात. हसणाऱ्याला मी त्याच आवाजात पुन्हा विचारते, "मोटार किती एचपीची?" हसून झालं की सांगतात बिचारे. सांगणार नाही तर जातात कुठं, रान वाळत असतं.

विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी खोलून त्यांत नवी तार भरायचं आमचं दुकान आहे. आधी दादांचं, म्हणजे माझ्या वडलांचं होतं. आता दोघांचं आहे. गाव जुन्नर तालुक्यात, राजुरीपासून फार लांब नाही. बाई मोटार भरते याचं लोकांना आता काही वाटत नाही. आवाजाचं मात्र अजून वाटतं.

माझा आवाज जन्मापासून असा आहे. जाड, घोगरा, मधेच फाटणारा. आई सांगते, मी बाळ असताना रडायला लागले की शेजारणी दारात येऊन विचारायच्या, कोण खोकतंय म्हणून. आईनं लई उपाय केले. ज्येष्ठमध चघळायला लावला, हळद-दूध पाजलं, आल्याच्या रसात मध घालून चाटवला, गुळण्या करून करून माझं तोंड सोललं. शेवटी नारायणगावला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी घशात बॅटरी मारून बघितलं, आ करायला लावला, ई करायला लावला, आणि म्हणाले, काही झालेलं नाही, आवाजच असा आहे.

आईचं तोंड उतरलं. तिला काहीतरी झालेलं हवं होतं, म्हणजे ते बरं करता आलं असतं. दादा मात्र एसटीत बसल्यावर मला म्हणाले, "आपल्याकडं एखादी मोटार येती बघ. घरघर करती म्हणून माणूस घिऊन येतो. खोलून बघावं तर बेरिंग चांगलं, वाइंडिंग चांगलं. तिचा आवाजच तसा असतो. तसली मोटार खोलायची नसती." एवढं बोलून ते खिडकीला डोकं टेकून झोपले. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला ते पटलं होतं, पण दादा काही माझ्याबरोबर शाळेत यायचे नाहीत.

शाळेत मला भोंगा म्हणायचे. रेडा म्हणायचे. पण सगळ्यांत वाईट होतं "पावणं". मी वर्गात काही बोलले की मागून कुणीतरी मोठ्या माणसाच्या थाटात म्हणायचं, "या पावणं, बसा, च्या घ्या." सगळा वर्ग खिदळायचा. आमच्याकडं पावणं हा आदराचा शब्द. कुणी आदरानं हाक मारून अपमान केला तर उलट बोलायलाही काही सापडत नाही. एका बाईंनी तर मला सांगून टाकलं, कविता म्हणायची पाळी आली की तू मनात वाच. त्यांना वाटलं त्या माझी काळजी घेतायत. मी मनात वाचायला लागले, मग मनातच बोलायला लागले. चौथी-पाचवीत मी पाणी मागायचं असलं तरी तांब्याकडं बोट दाखवायची.

त्या दिवसांत सगळ्या वाडीत टीव्ही एकच होता, आमच्या काकांकडं. काळा-पांढरा, वर निळसर काच लावलेला. रविवारी सकाळी कार्टून लागायचं, हिंदीत. आम्ही पोरंपोरी आंघोळ उरकून त्यांच्या ओटीवर जाऊन बसायचो. काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, टीव्हीच्या अगदी पुढं बसायचा, कारण टीव्ही त्याच्या बापाचा. अँटेना हलवायला गच्चीवर मात्र मला पिटाळायचा. वरून मी ओरडून विचारायचं नाही, नुसतं वाकून बघायचं, असा मीच माझा नियम केला होता.

एक कार्टून होतं पाणघोड्याच्या पिल्लाचं. नाव मला आठवत नाही, आणि पुढं कधी कुठं लागलेलंही दिसलं नाही. एक तळं असतं. रोज सांज झाली की तळ्यावरचा एक प्राणी साद घालतो आणि बाकीच्या सगळ्यांनी जिथं असतील तिथून तीच साद परत द्यायची. त्यावरून कळायचं की सगळे घरी आलेत. रोज एकाची पाळी. बगळ्याची झाली, हरणाची झाली, माकडाची झाली. पिल्लाची पाळी यायची तेव्हा त्याची आई काहीतरी निमित्त काढून ती पुढं ढकलायची. कारण पिल्लाचा आवाज रिकाम्या पिंपासारखा होता.

ते बघताना मी काय सांगू! मी गुडघ्यांत तोंड घालून एका डोळ्यानं बघायची. बाजूची पोरं पिल्लाला हसायची, मग माझ्याकडं बघून हसायची. चुलतभाऊ म्हणायचा, "ही बघ, तुझी बहीण आली." मला उठून जावंसं वाटायचं आणि उठवायचं नाही. तीन-चार रविवार असेच गेले. मग एका रविवारी पिल्लू आईच्या मागून निघालं आणि स्वतःच जाऊन साद घालायच्या दगडावर उभं राहिलं. त्यानं साद घातली. सगळं तळं हसलं. माकड तर हसून हसून फांदीवरून पडलं. पिल्लानं तोंड मिटलं. सगळ्यांकडं एकदा बघितलं. कुणी साद परत दिली नव्हती. मग त्यानं पुन्हा तोंड उघडलं.

आणि लाइट गेली.

ओटीवर एकच गलका झाला. काकू म्हणाली, जा आता घरी, ती काय दुपारशिवाय येत नाही. मी टीव्हीच्या काळ्या काचेकडं बघत बसले. मला त्यात माझंच तोंड दिसत होतं. पुढच्या रविवारी दुसरंच कार्टून सुरू झालं. पाणघोड्याचं संपलं होतं.

सोमवारी शाळेत मी कित्येक महिन्यांनी आपणहून तोंड उघडलं आणि विचारलं, पुढं काय झालं? ज्यांच्या गावात लाइट होती अशी पोरं वर्गात होती. एकानं सांगितलं, एक म्हातारं कासव त्याला एक फळ देतं आणि त्याचा आवाज गोड होतो. दुसरा म्हणाला, खोटं, पूर येतो, आणि याच्या जाड आवाजामुळं सगळे वाचतात, मग सगळे त्याची माफी मागतात. तिसरा म्हणाला, ते तळं सोडून जातं आणि त्याला दुसरे पाणघोडे भेटतात. तिघांनी तीन शेवट सांगितले. म्हणजे एकानंही बघितलं नव्हतं, नुसत्या थापा!

पण मला तिन्ही शेवटांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. फळ खाऊन आवाज गोड झाला, म्हणजे माझ्या आईचा ज्येष्ठमधच की. तळं सोडून गेलं, म्हणजे हसणारे जिंकले. आणि तो पूर! पूर आला म्हणून माफी मागितली. आला नसता तर? सगळं तळं वाचवल्याशिवाय पिल्लाला सांजेची एक साद घालायची सोय नाही का? हरणानं कुणाला वाचवलं होतं? बगळ्यानं काय दिवे लावले होते? त्यांची पाळी होती म्हणून त्यांनी घातली. मग याचीही पाळीच होती.

मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की मी बघितलं तोच शेवट. ते एकदा ओरडलं, सगळे हसले, त्यानं बघून घेतलं आणि दुसऱ्यांदा तोंड उघडलं. त्याच आवाजात. याच्यापुढं काही नाही.

मी लगेच धीट-बिट झाले नाही. पण एक सवय लावून घेतली. कुणी हसलं की गप्प बसायच्या ऐवजी तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. मोठ्यानं नाही, रागानं नाही, रडून तर नाहीच. "बाई, माझी वही ऱ्हायली." खी खी खी. "बाई, माझी वही ऱ्हायली." दुसऱ्यांदा हसायला फार जण नसतात, हे मला सहावीत कळलं. पहिल्यांदा हसू आपोआप येतं. दुसऱ्यांदा ते मुद्दाम काढावं लागतं, आणि मुद्दाम हसताना माणूस स्वतःलाच जरा बावळट वाटतो. काही निर्लज्ज दुसऱ्यांदाही हसायचे. त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा.

रविवारी कार्टून संपलं की आम्ही बुद्धविहारात जायचो. तिथं आमचे गुरुजी वंदना शिकवायचे. शाळेतनं रिटायर झालेले, आजूबाजूच्या गावांतली आमच्या समाजातली लग्नं तेच लावायचे. वंदनेची पद्धत अशी, की एकानं पुढं ओळ म्हणायची आणि बाकी सगळ्यांनी मागून तीच म्हणायची. पहिली ओळ तीनदा. पुढं शरण जातानाही एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा असं शब्दांत सांगून म्हणायचं. मला सगळी वंदना पाठ होती, आणि ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हे आपल्या तळ्यासारखंच आहे, त्या दिवसापासून मला पुढं बसून म्हणायची इच्छा झाली. गुरुजी पाळीपाळीनं सगळ्यांना पुढं घ्यायचे. माझी पाळी आली की ते खोकायचे आणि म्हणायचे, "आज उशीर झालाय, पुढच्या रविवारी." ते चांगले होते. पण पिल्लाच्या आईसारखे चांगले होते.

मी तेरा वर्षांची असताना माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, बघायला पाहुणे आले. मुलगा आंबेगाव तालुक्यातला, निरगुडसरच्या बाजूचा. बाहेर सतरंजीवर मंडळी बसलेली, अक्का पोह्यांच्या बश्या देत होती. मी आत चुलीपाशी. दूध उतू जायला लागलं आणि मी नको ते केलं, ओरडले, "आई, दूध!"

बाहेर मुलाचा मामा म्हणाला, "आत कोन पावणं हायती? त्यास्नीबी बोलवा की भाईर च्याला."

सगळे हसले. आई हसत हसत म्हणाली, "न्हाई वं, धाकटी हाय माझी, घसा बसलाय तिचा." ती आत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दूध चुलीत सांडत होतं आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघत होतो. मला तिचा इतका राग आला आणि तिची इतकी दया आली, की दोन्ही एकदम कसं काय येतं हे मला अजून सांगता येत नाही.

लग्न जमलं. मे महिन्यातली तारीख धरली. आईनं मला जवळ बसवून सांगितलं, "तुला हात जोडते बाई. लगीन हुईस्तवर पाहुण्यांम्होरं तोंड उघडू नको. एकदा ती नांदाय लागली की मग काय बोलायचं ती बोल." आईला खरंच भीती वाटत होती. धाकटीचा आवाज असा, मग थोरलीच्या पोरांचा कसा निघंल, असं कुणीतरी बोललं होतं म्हणे. मी मान हलवली.

हे अक्कानं ऐकलं. ती भांडी घासत होती. हातातली कढई तशीच ठेवून ती म्हणाली, "माझ्या लग्नात वंदना हीच म्हणणार. न्हाईतर मी उभी ऱ्हात न्हाई." अक्का शांत बाई. तिनं आयुष्यात हट्ट केलेला मी हा एकच पाहिला. आई म्हणाली, येड लागलंय का? अक्का पुन्हा कढई घासायला लागली.

आणि लग्नाच्या दिवशी गुरुजींचा घसा बसला. त्या महिन्यात त्यांनी एवढी लग्नं लावली होती, की आवाज पार गेला होता, नुसती हवा यायची. त्यांना कुणी हसलं का? छे! धावाधाव झाली. कुणी मधाचा चहा आणला, कुणी लवंग दिली, बिचाऱ्या गुरुजींना किती त्रास! मी खांबापाशी उभी राहून ते बघत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती.

आता इथं एक गोष्ट मला मुद्दाम सांगायचीय. माझी काही गरज नव्हती. वंदना म्हणायला माझा चुलतभाऊ तयार होता. त्याला ती पाठ होती, आवाज स्वच्छ होता, नवा पांढरा सदरा घालून तो माइकपाशी उभाही राहिला होता. त्यानं ती छान म्हटली असती. लग्न काही अडलं नव्हतं, पूर-बिर आला नव्हता. मी मांडवात बसून मागून म्हटलं असतं तरी सगळं नीट पार पडलं असतं.

अक्का नवरदेवाशेजारी बसली होती, पांढऱ्या साडीत, मान खाली. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. बस, बघितलंच फक्त. मी निघाले. आई बायकांत बसली होती, तिनं माझा परकर धरला. मी तो सोडवला. चुलतभावाला म्हटलं, "सरक." तो सरकला, कशामुळं कोण जाणे, बहुतेक अचंब्यानं. गुरुजींनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांच्या तोंडातनं आवाजच निघाला नाही.

मी हात जोडले आणि पहिली ओळ म्हटली.

झाडाला बांधलेल्या कर्ण्यातनं माझा आवाज साऱ्या वाडीवर गेला. मी स्वतः तो एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. रिकामं पिंप, दुसरं काय! मागची पोरं हसली. मग मुलाकडची माणसं हसली. एक बाई पदर तोंडाला लावून थरथरत होती. आणि मागून ओळ म्हणायची असते, ती कुणी म्हटलीच नाही. सगळे माझ्याकडं बघत होते.

मी तोंड मिटलं. सगळ्यांकडं एकदा बघितलं. मला आईचं खाली घातलेलं डोकं दिसलं. मांडवाच्या टोकाला दादा दिसले, जनरेटर बघायला उभे होते, हाताला ग्रीस.

मी तीच ओळ दुसऱ्यांदा म्हटली. त्याच आवाजात.

आणि अक्कानं मागून म्हटली. नवरी सहसा ओठातल्या ओठात म्हणते. ही खणखणीत म्हणाली. तिच्यापाठोपाठ दादांचा आवाज आला, लांबून. मग चार-दोन म्हाताऱ्या. गुरुजींचे ओठ हलत होते, त्यांनी डोळे मिटले होते.

तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा मांडव बोलला. सगळा बोलला असं मी म्हणणार नाही. मागची दोन पोरं शेवटपर्यंत हसत होती. हसू देत. पण तो मामा, ज्यानं मला चहाला बोलवलं होतं, तो हात जोडून माझ्या मागून एकेक ओळ म्हणत होता, कारण म्हणावीच लागते. मी थांबायची, तो म्हणायचा. मी पुढची म्हणायची, तो पुढची म्हणायचा. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

नंतर माझं कौतुक करायला कुणी आलं नाही. आई पंगतीत मला वाढताना म्हणाली, "झालं का समाधान?" मी म्हटलं, "झालं." ती आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. अक्काचं काही मोडलं नाही, ती सुखानं नांदायला गेली.

महिन्याभरानं लग्नाची कॅसेट आली. तेव्हा शूटिंग नवीन होतं, काकांनी व्हीसीआर भाड्यानं आणला आणि ओटीवर सगळी वाडी जमली. मी पहिल्यांदाच टीव्हीच्या पुढ्यात बसले. हळद झाली, वरात आली, मांडव आला. मी माइकपाशी आले. तोंड उघडलं. आणि सनई वाजायला लागली. माझे ओठ हलतायत, लोकांचे ओठ हलतायत, आणि वर सनई. माझा आवाज पुसून तिथं सनई घातली होती.

मी दुसऱ्या दिवशी दादांची सायकल घेऊन शूटिंगवाल्याकडं गेले. तो माणूस साधा होता. म्हणाला, "ताई, माझ्यावर कशाला चिडता? तुमच्या आईनंच सांगितलं, कॅसेट पाहुण्यांत फिरणार, तेवढ्या आवाजावर कायतरी टाका म्हणून. मूळ कॅसेटवर दुसरं लगीन घेतलं मी."

परत येताना मी सायकल हातात धरून चालत आले. चढ नव्हता तरी. आईला मी काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर दहा-बारा वर्षं नाही.

मधल्या काळात मी शिकले, दुकानात बसायला लागले, गावात डिश आली, कार्टूनचे चॅनल चोवीस तास सुरू झाले. अक्काला मुलगी झाली. आवाज अगदी घंटेसारखा, त्यामुळं आईचा जीव भांड्यात पडला होता. पण पोरीच्या एका डोळ्यात तिरळेपणा. डॉक्टरांनी चष्मा दिला होता, मोठी झाल्यावर बघू म्हणाले होते. पहिलीत गेली आणि पोरं तिला चकणी म्हणायला लागली. एका जूनमध्ये सुट्टी संपली तरी ती आमच्याकडून परत जाईना. सकाळपासून टीव्हीपुढं.

मी दुकानातनं जेवायला आले होते. एक कार्टून चालू होतं. एका सशाचा एक कान लोंबता, सगळे त्याला चिडवतात, शेवटी त्याच कानामुळं तो सगळ्यांना कोल्ह्यापासून वाचवतो आणि सगळे त्याला खांद्यावर घेतात. मी म्हटलं, "छान आहे की." ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "मावशी, आमच्या शाळेत कोल्हा येतच न्हाई."

मी हातातला घास ताटात ठेवला. एवढीशी पोर, आणि माझ्या पोटातलं जसंच्या तसं बोलली. मी टीव्ही बंद केला नाही, पण सीडी लावली. जुन्या कॅसेटची अक्कानं सीडी करून घेतली होती. मांडव आला, तेरा वर्षांची मी आले, सनई वाजायला लागली. मी आवाज पूर्ण बंद केला.

"मावशी, तू काय म्हणतीस इथं?"

मी पडद्यावरच्या माझ्या तोंडाकडं बघत पहिली ओळ म्हटली, तिथं होती तशीच. पोरगी हसली. खुदकन हसली, माझ्या आवाजाला. मी तिच्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, आणि दुसऱ्यांदा म्हटली. पडद्यावर अक्काचे ओठ हलले. पोरगी म्हणाली, "हे माझ्या आईनं म्हटलं?" आणि तिनं माझ्या मागून ओळ म्हटली.

मी तिसऱ्यांदा म्हटली. आणि स्वयंपाकघरातनं आईनं मागून म्हटली.

मी हात तसेच जोडून बसले. आई पिठाचे हात घेऊन उंबऱ्यात येऊन उभी राहिली. पडद्यावर ती स्वतः मान खाली घालून बसली होती.

"ती सनई मीच घालाय लावली व्हती," ती म्हणाली.

"म्हाईत हाय मला."

"कवापासनं?"

"तवापासनं."

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"तूच म्हणली व्हतीस, तोंड उघडू नको."

आईनं पदरानं डोळे पुसले, पीठ गालाला लागलं. म्हणाली, "चुकलं माझं. लई चुकलं." मला रडायला येत होतं आणि मला रडून ते वाक्य वाया घालवायचं नव्हतं. मी म्हटलं, "पुन्हा म्हण." ती म्हणाली, "चुकलं माझं." पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

सोमवारी पोरगी शाळेत गेली. पोरं चिडवायची थांबली का? नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. मी "हॅलो" म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, आज माझ्या बाकावरची पोरगी माझी पेन्सिल घेऊन मला चकणी म्हणली. मी म्हटलं, माझी पेन्सिल दे. ती हसली. मग मी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं, आणि पुन्हा म्हटलं, माझी पेन्सिल दे."

"मग?"

"मग लाइट गेली," ती म्हणाली, आणि हसायला लागली. ही गोष्ट मी तिला कधी सांगितली, मला आठवेना. तिच्या आईनंच सांगितली असणार.

"अगं, खरं सांग की. दिली का पेन्सिल?"

"दुसऱ्यांदा न्हाई दिली," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा दिली."